ट्रॅक्टरचं प्रगतिपुस्तक

गुरुजी मला अजूनही ‘एकोणीस’ म्हणतात. माझं नाव त्यांना माहीत नाही अशातला भाग नाही, पण चौथीच्या हजेरीपटावर माझा नंबर एकोणीस होता. आणि गुरुजींचं म्हणणं असं की नावं दहा जणांची सारखी असतात, नंबर मात्र एकाचाच. आज पन्नाशीला टेकलेले, डोक्यावरचे केस गेलेले आमच्या गावातले बाप्ये ‘सात’, ‘तेरा’, ‘बावीस’ अशा हाकांना उठून उभे राहतात. बावीस तर पोलिसात आहे. तो भर नाक्यावर ड्युटीवर असतानाही उभा राहतो.

मी ट्रॅक्टर विकतो. रत्नागिरीहून महामार्गाकडे निघालं की रस्त्याला लागूनच आमचं शोरूम आहे. दिवाळी होऊन दहा-पंधरा दिवस झाले असतील. ऊन मी म्हणत होतं, आभाळात औषधाला ढग नव्हता, आणि दारात एक म्हातारा मिटलेली छत्री घेऊन उभा. चपला बाहेर काढल्या, पायपुसण्याला पाय नीट पुसले आणि मग आत.

“काय एकोणीस, इथे असतोस होय?”

गळ्यात टाय होता, समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती. पण तोंडातून गेलंच, “हजर, गुरुजी!” आमचे मॅनेजर कोल्हापूरचे. ते तोंडावर रुमाल धरून आतल्या खोलीत पळाले.

“मधल्या आकाराचा ट्रॅक्टर बघायचाय,” गुरुजी म्हणाले. “पुढे सूप आणि मागे हात असलेला.”

पुढचं सूप म्हणजे लोडर, माती-दगड भरून उचलणारा. मागचा हात म्हणजे बॅकहो, खड्डे खणणारा. मी लागलो पाठ म्हणायला. अश्वशक्ती इतकी, उचल इतकी, चारही चाकांना ताकद, स्टिअरिंग लोण्यासारखं. गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग बॉनेटवर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि म्हणाले, “हे सगळं त्याला येतं. आता काय येत नाही ते सांग.”

नऊ वर्षं ट्रॅक्टर विकतोय, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आणि आईशप्पथ सांगतो, उत्तर मला ठाऊक नव्हतं.

“अभ्यास कर. पुढच्या मंगळवारी येतो.” चहा आला होता, तो त्यांनी हाताने बाजूला सारला. “चहा निर्णय झाल्यावर. चहा घेतला की माणूस अर्धा हो म्हणून बसतो.”

हा प्रश्न मला नवा नव्हता, हे नंतर आठवलं. चौथीच्या पहिल्या दिवशी गुरुजी प्रत्येकाला उभं करून हेच विचारत. कोण म्हणे पाढे येत नाहीत, कोण म्हणे पोहता येत नाही. मी शहाणा. छाती काढून म्हटलं, “मला सगळं येतं.” गुरुजी म्हणाले, “बस मग. तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.” आणि आठ दिवस मला एक प्रश्न नाही, वहीवर एक खूण नाही. नवव्या दिवशी मी रडत उठलो, “गुरुजी, मला भागाकार येत नाही हो!” तेव्हा कुठे त्यांनी माझी पाटी हातात घेतली. असा माणूस. छडी कधी उगारली नाही, पण त्या आठ दिवसांपुढे छडी परवडली असती.

तर पुढच्या मंगळवारपर्यंत मी खरंच अभ्यास केला. वर्कशॉपमध्ये जाऊन मेकॅनिक लोकांना विचारलं, बाबांनो, आपला ट्रॅक्टर कुठे रडतो? ते आधी हसले, मग सांगू लागले, आणि सांगायला लागल्यावर थांबेचनात. सूप भरलेलं असलं की पुढची चाकं जड होतात, चिखलात रुततात. हात एका बाजूला ताणला आणि खाली उतार असला की मागचं चाक उचलतं. जांभा दगड मऊ असेल तर हात खणतो, टणक कातळावर नुसता दात घासतो. मंगळवारी गुरुजींना मी हे सगळं सांगितलं. मॅनेजर काचेतून डोळे वटारत होते, विकायचं सोडून हा आपल्याच मालाला काय नावं ठेवतोय म्हणून. गुरुजींनी चौकडीच्या वहीत उतरवून घेतलं आणि म्हणाले, “छान. आता तू विकायला लायक झालास.” पगारवाढीनेही मला एवढा आनंद झाला नव्हता.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. गुरुजी आमच्याच गावचे, बौद्धवाडीतले. वाडीत अकरा घरं. घरटी एकदोघं मुंबईला. कोण बेस्टमध्ये, कोण शाळेत शिपाई, कोण टॅक्सीवर. वाडीच्या वर डोंगरउताराची वरकस जमीन, अकराही घरांची मिळून. एके काळी तिथे नाचणी-वरी पिकायची. आता बांध ढासळलेले, विहीर गाळाने भरलेली, रान माजलेलं. एक दलाल दोन वर्षं मागे लागला होता, सगळी जमीन एकत्र द्या म्हणून. मुंबईच्या मंडळींना पटलंही होतं. पडीक ठेवण्यापेक्षा विकलेली बरी. गुरुजी एकटे आडवे आले. म्हणाले, एक संधी द्या. अकरा घरांनी मिळून एक यंत्र घेऊ. बुद्धपौर्णिमेला सगळे गावी येता, तोवर बांध उभे राहिले नाहीत आणि काजूचे खड्डे तयार झाले नाहीत, तर पहिली सही माझी. पोरांनी नाखुशीने का होईना, पैसे पाठवले. यंत्र चुकलं तर पैसेही गेले आणि जमीनही गेली, असा तो डाव होता. आणि डाव लावणारा माणूस सायकलसुद्धा न चालवलेला, पंच्याहत्तरी गाठलेला मास्तर!

गुरुजी कामाला कसे भिडले ते बघून मी अवाक झालो. छत्रीच्या दांड्यावर त्यांनी तापल्या खिळ्याने फूट-इंचांच्या खुणा केल्या होत्या. ती छत्री घेऊन जिल्ह्यातली सगळी शोरूम पालथी घातली. चिपळूणला वाशिष्ठीतला गाळ काढायचं काम चालू होतं, तिथे तीन दिवस काठावरच्या दगडावर बसून राहिले. मशीन बघायला नाही, चालवणाऱ्यांचे हात बघायला. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासोबत भाकरी खाल्ली आणि कोणाची मान दुखते, कोणाची कंबर, ते लिहून आणलं.

मग आली प्रगतिपुस्तकं. सहा ट्रॅक्टर त्यांनी निवडले होते, त्यांची सहा प्रगतिपुस्तकं, शाळेतली असतात तशी, आखून. मी ती वाचली आहेत. एकात लिहिलं होतं, ‘वर्तन: शांत. श्रमाची आवड: आहे. उतारावर हट्टी.’ दुसऱ्यात, ‘अंगाने मोठा, पण वळायची तयारी नाही. आमच्या वाटेला उपयोगी नाही.’ छोट्या, बागेत चालणाऱ्या ट्रॅक्टरला लिहिलं होतं, ‘हुशार, पण हात लावला तर तोल जाईल. याच्यावर ओझं टाकणं हा अन्याय.’ आणि आमच्या शोरूममधल्या एका मधल्या गड्याला, हजेरी क्रमांक चार, शेरा होता, ‘सर्वसाधारण. भरवशाचा.’ गुरुजींच्या तोंडी ‘भरवशाचा’ म्हणजे सुवर्णपदक. मला चौथीत तो शेरा मिळाला नव्हता.

एका मंगळवारी त्यांच्यासोबत त्यांची पुतणसून आली. चाळिशीची, उंचीने लहानखुरी, बोलायला फटकळ. आम्ही तिला वहिनी म्हणतो. गुरुजींनी तिला सीटवर बसवलं आणि छत्रीने तिच्या पावलापासून क्लचपर्यंतचं अंतर मोजायला लागले. मला हसू आलं. म्हटलं, “गुरुजी, ट्रॅक्टर शिवायला टाकताय की काय?”

“वाडीत बारा महिने कोण असतं रे, एकोणीस?”

मी विचार केला. म्हातारे आणि बायका.

“मग चालवणार कोण?”

सहापैकी दोन ट्रॅक्टर त्या दिवशी बाद झाले. क्लचपर्यंत वहिनीचा पाय पोचत नव्हता. आमच्या धंद्यात ट्रॅक्टर घेताना आजवर कोणी बाईचा पाय मोजला असेल, तर मला दाखवा.

शिमग्याच्या सुमारास वाटेची परीक्षा झाली. डांबरी रस्ता आमच्या वाडीपर्यंत येतो. तिथून बौद्धवाडीला जायला अरुंद पायवाट, एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला आमच्या नारळाच्या आगराचा गडगा. जांभ्याचे दगड रचून केलेलं ते कुंपण आमच्या पणजोबांचं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याचा केवढा अभिमान. वाट जिथे वळते, तिथेच गडग्याचा कोपरा पुढे आलेला आहे. हे सांगताना मला आता लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

गुरुजींनी काय करावं? चार नंबरच्या ट्रॅक्टरच्या मापाचा बांबूचा सांगाडा बांधला! पुढे सुपाएवढी रुंदी, मागे दुमडलेला हात, सगळं काथ्याच्या दोरीने आवळून. सहा जणांनी तो उचलला, तीन म्हातारे आणि तीन बायका. गुरुजी पुढे, छत्रीने वाट मोजत. आबा ओट्यावर बसून बघत होते. “बांबूचा ट्रॅक्टर केलानी बघ,” ते मला म्हणाले, “काय वरात काढलीनी!” पोरं मागून हॉर्न वाजवत होती. सांगाडा वळणावरून गेला, परया, म्हणजे ओढा, ओलांडून वर चढला, वाडीत पोचला. वहीत शेरा पडला: ‘पास.’

पुढच्या मंगळवारी गुरुजींनी बुकिंग केलं आणि समोरचा चहा प्यायले. दोन बिस्किटांसकट. अख्खं शोरूम बघायला जमलं होतं.

महिनाभर वहिनी आमच्या यार्डात चालवायला शिकली. एप्रिलात ट्रॅक्टर येऊन उभा राहिला, आणि न्यायच्या दिवशी आमच्या मेकॅनिकने सहज विचारलं, “वळणावर किती जागा उरली होती?”

गुरुजी पुढे असल्यामुळे त्यांनी ते बघितलं नव्हतं. त्यांनी वहिनीकडे बघितलं.

“वळणावर?” वहिनी म्हणाली. “तिथं उचलला की आम्ही. गडग्याच्या वरनं. डोली उचलतो तसा.”

वाडीत गाडी जात नाही, म्हणून आजारी माणसाला डोलीतून आणतात; बांबूला बांधलेली चादर, दोन्ही टोकांना खांदे. आमच्या गडग्यापाशी लांब बांबू वळत नाही, म्हणून तिथे आल्यावर सगळे तो डोक्यावर उचलतात आणि कोपऱ्यावरून पलीकडे नेतात. वर्षानुवर्षं. ते त्यांच्या हातात इतकं मुरलं होतं की सांगाडा घेऊन तिथे पोचल्यावर सहाही जणांनी तो आपोआप उचलला, आणि आपण उचलला हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही; ओट्यावरून बघणाऱ्या मलाही त्यात काही वेगळं दिसलं नव्हतं. ट्रॅक्टर काही डोक्यावर उचलता येत नाही.

गुरुजी पायरीवर बसले. एवढा थकलेला माणूस मी त्यांच्या जागी कधी बघितला नव्हता. मग त्यांनी वही काढली, ‘पास’ खोडून ‘नापास’ लिहिलं, खाली लिहिलं, ‘चूक परीक्षकाची,’ आणि सही केली. त्याच दिवशी मुंबईच्या अकराही घरांना स्वतः फोन लावून सांगितलं, माझी चूक झाली. मी म्हटलं, गुरुजी, हा बदलून छोटा देतो, मॅनेजरांच्या हातापाया पडतो. ते म्हणाले, “छोटा वाटेने जाईल आणि उतारावर उलटेल. सीटवर आमची सून असेल. नको.” पौर्णिमेला तीन आठवडे उरले होते.

बराच वेळ ते ट्रॅक्टरभोवती फिरत राहिले. मग मेकॅनिकला म्हणाले, “हा हात सुटा होतो?”

“होतो की. पिना काढायच्या, पाइप सोडायचे. सूपही निघतं.”

“मग नुसता ट्रॅक्टर वळेल?”

आम्ही हिशेब मांडला. वळत होता. चार बोटं जागा ठेवून, पण वळत होता.

“मग झालं तर,” गुरुजी उभे राहिले. “बाकीचं आम्ही उचलू. उचलायचं आम्हाला येतं. आणि एकदा आत गेला की त्याला बाहेर यायचं कारण नाही.”

त्या रविवारी जे बघितलं ते मी विसरणार नाही. सुट्टीला लवकर आलेले मुंबईकर, म्हातारे, बायका, सगळी वाडी. मेकॅनिकने सूप काढलं, हाताचे भाग सुटे केले. एकेक भाग असा की दोघांनी हलवावा तर हलू नये. ते बांबूंना बांधून आठ-आठ जणांच्या खांद्यावर निघाले. वळणावर आले की एकजण ओरडे, “हां… वर!” आणि ते लोखंड आमच्या गडग्यावरून अलगद पलीकडे जाई. पाच खेपा. शेवटी वहिनी ट्रॅक्टर घेऊन आली. पुढे, मागे, पुढे, मागे, पाच वेळा. गुरुजी चाकासमोर उभे राहून बघत होते. गडग्याचा एक दगडसुद्धा हलला नाही. मी आमच्या ओट्यावर शोरूमचा इस्त्रीचा शर्ट घालून उभा होतो. बाजूला आबा. दोघांपैकी कोणीही ओट्यावरून खाली उतरलं नाही.

पुढचे पंधरा दिवस वहिनी उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत त्या सीटवर होती. मी रजा टाकून बघायला जायचो. विहिरीतला गाळ निघाला आणि तळाला पाणी दिसलं तेव्हा एका म्हातारीने त्या ट्रॅक्टरच्या टायरला मिठी मारली. बांध उभे राहिले. मऊ जांभ्यात काजूचे खड्डे ओळीने पडले. टणक कातळ लागला तिथे हात दात घासत बसायचा. वहिनी तो उचलून दोन पावलं पुढे लावायची, कारण तिला कुठे थांबायचं ते ठाऊक होतं.

पौर्णिमेला वंदना झाली आणि विहाराच्या पडवीत अकरा घरांच्या मंडळाची बैठक बसली. दलालाचे कागद टॅक्सीवाल्याच्या पिशवीत होते. विकायचा सगळ्यात जास्त आग्रह त्याचाच. मीही कोपऱ्यात बसलो. वाटलं, गुरुजी आता कामाची यादी वाचतील. त्यांनी सुरुवातीलाच वळणावरची चूक सांगितली, अथपासून इतिपर्यंत, मुंबईच्या पोरांसमोर. मग म्हणाले, “आता वर जाऊन बघून या, आणि मग बोला.” सगळे वर गेले. टॅक्सीवाला सर्वांत शेवटी खाली उतरला. त्याची विजार गुडघ्यापर्यंत लाल झाली होती, पायाला माती. त्याने पिशवीतले कागद काढून गुरुजींच्या मांडीवर ठेवले. “हे तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, गुरुजी,” म्हणाला. “पाठकोऱ्या बाजूला काजूच्या ओळी मांडा. माझ्या घराच्या वाट्याचे खड्डे मी मोजून आलोय.” बाकीच्या दहा घरांनी माना डोलावल्या. जमीन राहिली!

लोक खिरीच्या पंगतीला बसत होते. गुरुजी हात धूत होते, तिथे मी गेलो. तीन आठवडे मनात घोळत असलेलं विचारून टाकलं, “गुरुजी, आमचा कोपरा हातभर मागे घेतला असता तर एवढा व्याप पडलाच नसता. तुम्ही एका शब्दाने का सांगितलं नाहीत?”

त्यांनी पंच्याला हात पुसले. “एकोणीस, त्या वळणावर डोली उचलताना तू कितीदा बघितलंयस?”

“लहानपणापासून.”

“ओट्यावरून?”

“हो.”

“मग मी वेगळं काय सांगणार होतो?”

आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं. “चल, खीर खाऊन घे,” म्हणाले आणि पंगतीत माझ्यासाठी जागा करायला गेले.

घरी आलो तो तडक मागल्या दारी गेलो आणि पहार काढली. गडग्याच्या कोपऱ्याच्या बुडाशी ती रोवली आणि जोर लावला. ओट्यावर आबा पान जुळवत होते. आता पणजोबांचं नाव निघणार, शिव्या पडणार, म्हणून मी मान खाली घालून होतो. मग आबांचा आवाज आला.

“अरे मेल्या, खालनं काय सुरुवात करतोस? वरचे दगड आधी काढ, पायावर येतील.”

आणि पंचा कमरेला आवळत ते ओट्यावरून खाली उतरले.